पाणी कुठलं होतं? बुडून वाचलेल्या मुलाच्या फुप्फुसातली बुरशी

पहिल्या दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: 'शेततळ्यात बुडाल्याचा इतिहास.' रेफर चिठ्ठीवरून ती कार्डावर आली, कार्डावरून आमच्या केसपेपरवर आणि केसपेपरवरून माझ्या डोक्यात. पुढचे चौदा दिवस त्या ओळीकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मीही नाही.

मुलगा सहा वर्षांचा, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरचा. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, आणि काही तपशील बदललेत. घरात बैलजोडी अजून ठेवलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीची गडबड चालू असताना पोरगं दिसेनासं झालं. सापडलं ते पाण्यात, तोंड खाली. किती वेळ पाण्यात होतं, हे कुणालाच नीट सांगता येईना. चुलत्याने बाहेर काढून आपल्याकडे सगळे करतात तेच केलं: पाय धरून उलटं टांगलं, पोट दाबलं. याने फुप्फुसातलं पाणी निघत नाही, निघतं ते पोटातलं, आणि त्यातलं काही परत श्वासनलिकेत जाऊ शकतं. वर तोंडाने श्वास देण्याची मोलाची दोन मिनिटं वाया जातात. सुदैवाने मुलाने स्वतःच आचका देऊन श्वास घेतला.

ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन, तिथून अँब्युलन्सने नाशिक. एका खासगी दवाखान्यात चार दिवस व्हेंटिलेटर. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी. दोन अँटिबायोटिक आणि पाच दिवस स्टेरॉइड. नवव्या दिवशी मुलगा चालत घरी गेला. घरच्यांनी गणपतीपुढे पेढे ठेवले, आणि तो आनंद त्या घडीला खराच होता.

स्टेरॉइडबद्दल लगेच सांगतो, कारण नंतर राहून जाईल. बुडालेल्या रुग्णाला सरसकट स्टेरॉइड दिल्याने फायदा होत नाही, हे बरंच आधीपासून माहीत आहे. प्रतिबंध म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकचंही तेच. तरी ते दिलं जातं, कारण समोर मूल निळं पडलेलं असतं आणि हात रिकामा ठेवणं जड जातं. त्या दवाखान्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. पुढे मी काय केलं ते वाचल्यावर तुम्हालाही पटेल.

तेविसाव्या दिवशी, पितृपक्षात, मुलगा आमच्याकडे आला. आठवडाभर ताप, कोरडा खोकला, जेवण बंद. कार्डावर वजन १९.५ किलो, आमच्या काट्यावर १८. मुलगा पलंगावर बसून मोबाइल बघत होता आणि श्वास मिनिटाला ४४. एक्स-रेमध्ये दोन्हीकडे गोलसर ठिपके, उजवीकडे खाली एक मोठा. नेहमीच्या न्यूमोनियात अशी गोल सावली सहसा दिसत नाही.

महाराष्ट्रात अशा मुलाला पाहून पहिला शब्द सुचतो तो टीबी. आजोबांना बारा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलेला, म्हणजे शंकेला खतपाणी. टीबीची कातडीवरची चाचणी, मँटू, ४ मिलिमीटर, म्हणजे निगेटिव्ह. सकाळी उपाशीपोटी जठरातलं पाणी काढून दोनदा सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) केली, दोन्ही निगेटिव्ह. मुलांमध्ये ही तपासणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही, हे खरंच आहे. पण या वाक्याची एक गंमत अशी की ते हाताशी असलं की माणूस दुसरं काही शोधत नाही. नवं अँटिबायोटिक चार दिवस देऊनही ताप हलेना, तेव्हा सत्ताविसाव्या दिवशी टीबीची औषधं सुरू केली. सही माझी. त्यात रिफाम्पिसिन होतं. त्या एका गोळीने पुढे आम्हाला किती फिरवलं ते खाली येईलच.

एकतिसाव्या दिवशी सीटी स्कॅन. दहा-बारा गाठी, त्यातली मोठी आतून पोखरलेली. बत्तिसाव्या दिवशी ब्रॉन्कोस्कोपी करून फुप्फुस धुतलेलं पाणी तपासायला दिलं. संध्याकाळी सहाला लॅबमधून निरोप: केओएचमध्ये (बुरशी शोधायची मायक्रोस्कोपखालची झटपट तपासणी) बुरशीचे धागे आहेत, बारीक, पडदे असलेले, फांदी लघुकोनात फुटलेली. टीबीची सीबीनॅट याही नमुन्यात निगेटिव्ह. तेहेतिसाव्या दिवशी टीबीची औषधं थांबवली.

२०२१ नंतर नाशिकमध्ये 'बुरशी' हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या डोळ्यांत काळी बुरशी, म्हणजे म्युकर, उभी राहते. कोविडनंतरच्या त्या दिवसांत अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक कसे गावभर फिरत होते, ते आम्ही पाहिलंय. पण म्युकरचे धागे रुंद असतात, त्यांत पडदे जवळपास नसतात आणि फांद्या काटकोनाकडे झुकतात. हे म्युकर नव्हतं. दिसायला ते ॲस्परजिलस होतं, आणि ॲस्परजिलसवर पहिलं औषध व्होरिकोनॅझोल. मग मी अँफोटेरिसिन का निवडलं? रिफाम्पिसिनमुळे. रिफाम्पिसिन यकृतातल्या विकरांना असं कामाला लावतं की व्होरिकोनॅझोलची रक्तातली एकूण मात्रा जवळपास ९६ टक्क्यांनी घसरते. गोळी थांबवली तरी यकृत पूर्वपदावर यायला साधारण दोन आठवडे लागतात. गळक्या हौदात पाणी कशाला भरा, असा माझा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो ज्या बुरशीसाठी मांडला ती बुरशी दुसरी निघाली.

एक खूण तेव्हाही समोर होती. फुप्फुसाच्या पाण्यातलं गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे ॲस्परजिलसच्या अंगातून सुटणारा एक पदार्थ, निगेटिव्ह होतं. ॲस्परजिलस एवढ्या गाठी करून बसला असता तर ते बहुधा वाढलेलं दिसलं असतं. मी कागद पाहिला, भुवई उचलली आणि राउंडला गेलो.

पस्तिसाव्या दिवशी, नवरात्राच्या चौथ्या माळेला, संध्याकाळी साडेसातला मुलाच्या डाव्या हाताला झटके सुरू झाले आणि मिनिटभरात अंगभर पसरले. आई वणीच्या देवीला नवस बोलत दाराशी उभी. मिडॅझोलमने झटका थांबला. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने सवयीने फेनिटॉइन भरायला घेतलं होतं. तिला थांबवून लेव्हेटिरासिटम द्यायला सांगितलं, कारण फेनिटॉइनही व्होरिकोनॅझोलला तसंच खाऊन टाकतं आणि ते औषध आज ना उद्या लागणार हे दिसत होतं. या सगळ्या प्रकरणात वेळेवर घेतलेला असा निर्णय मला हा एकच आठवतो. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये मेंदूत तीन गळवं. उजव्या बाजूला पुढचं सगळ्यात मोठं, २.२ सेंटिमीटर.

सदतिसाव्या दिवशी सकाळी आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमचा फोन आला.

"सर, हे ॲस्परजिलस नाहीये. खाली येऊन बघता का?"

बुरशी वाढवायच्या सॅबूरॉ अगारच्या बशीवर पांढरा कापूस उगवला होता आणि मधोमध उंदराच्या पाठीसारखी राखाडी झाक यायला लागली होती. काचपट्टीवर निळ्या रंगात धागे, आणि धाग्याच्या टोकाला एकेकटा बसलेला लिंबाच्या आकाराचा बीजाणू. ॲस्परजिलसचं टोक म्हणजे फुललेला झेंडू, शेकडो बीजाणू एकदम. इथे एका देठाला एकच लिंबू. नाव स्केडोस्पोरियम एपिओस्पर्मम. नुसत्या धाग्यांवरून या दोघांत फरक करता येत नाही. म्हणून धागे दिसले की काम संपलं असं समजू नये, कल्चर लावावंच, आणि लॅबने ते दोन दिवसांत फेकू नये. मॅडमनी फेकलं नव्हतं. ओळख पक्की करायला नमुना बाहेरच्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवला. (आपल्या देशात रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह चंदीगडच्या पीजीआयमध्ये आहे.) उत्तर यायला वेळ लागला, पण नाव तेच आलं.

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि विचारलं, "पाणी कुठलं होतं?"

"शेततळं."

"पन्नीचं? म्हणजे विहिरीचं पाणी भरलेलं?"

"असेल."

"मग ही तिथे कशी आली एवढी?"

मी वर वॉर्डात गेलो. आई झोपलेली, उशाशी आजी. विचारलं, "आजी, नातू कुठल्या पाण्यात पडला होता?"

"तळ्यात."

"शेततळ्यात ना? पन्नीच्या?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तापात बरळतोय. "त्या तळ्याला तं जाळी हाये, साहेब. गोठ्यामागं उकिरड्याचा खड्डा नाय का, पावसात त्याचं तळं होतं, त्यात पडला. सगळा शेणानं भरलेला होता. नाकातून शेण काढलं मी माझ्या हातानं."

अँब्युलन्समध्ये कुणीतरी 'तळ्यात पडला' म्हणालं असणार. निफाडकडचा पोरगा आणि तळं म्हटल्यावर लिहिणाऱ्याने 'शेत' हा शब्द आपल्या पदरचा घातला. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. या भागात द्राक्षाच्या प्रत्येक दुसऱ्या बागेला शेततळं आहे. प्लास्टिकचं अस्तर, उतरत्या गुळगुळीत कडा, आत पडलेल्याला पाय रोवायला जागा नाही, आणि पोरं त्यात खरंच बुडतात.

हा खड्डा आणि ही बुरशी

स्केडोस्पोरियम सगळीकडे थोडी थोडी असते, शेततळ्यातही नसेलच असं नाही. पण तिचं माहेर म्हणजे सांडपाणी, गटारातला गाळ, साचलेली डबकी, गुरांचं शेणमूत मुरलेली माती. नत्र भरपूर, प्राणवायू कमी, खारटपणा जास्त, अशा जागी इतर बुरशी माघार घेतात आणि ही टिकते. ३७ अंशांनाही तिचं काही बिघडत नाही. एवढे गुण असलेल्या जिवाला पाण्याने भरलेलं फुप्फुस म्हणजे जुनंच घर. घोटभर गाळ आत गेला की त्यासोबत बीजाणूंचा इतका मोठा डोस जातो की धडधाकट मुलाची प्रतिकारशक्तीही कमी पडते. मुलाला आधी काही आजार असावा लागत नाही. फुप्फुसातून ती रक्तात उतरते आणि मेंदूत जाऊन गळवं करते. मेंदूची तिला विशेष ओढ आहे.

आणि हे सगळं सावकाश. जंतूंचा न्यूमोनिया पहिल्या काही दिवसांत डोकं वर काढतो. ही बुरशी काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहते. बुडण्याची घटना तोवर घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या दृष्टीने मागे पडलेली असते. २००७ मध्ये जगभरातली अशी २३ प्रकरणं एकत्र करणारा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ७० टक्के रुग्ण दगावले. जपानमधल्या २०११ च्या त्सुनामीत बुडता बुडता वाचलेल्यांमध्येही स्केडोस्पोरियमची लागण नोंदवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात ही मधल्या गटात आहे.

आपल्याकडे तिची जुनी ओळख फुप्फुसाची नाही, पायाची आहे. अनवाणी शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो, पाय सुजतो, भोकं पडतात आणि त्यातून दाणे बाहेर येतात. त्या मदुरा पायाला 'मायसेटोमा' हे नाव दिलं १९ व्या शतकात मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. तो रोग करणाऱ्या अनेक बुरशी-जिवाणूंपैकी ही एक. काट्यातून गेली तर वर्षानुवर्षं पायात बसते, नाकातोंडातून गेली तर महिन्याभरात मेंदूत.

उपचाराच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हा की अँफोटेरिसिनला ती सहसा दाद देत नाही. म्हणजे बत्तिसाव्या ते सदतिसाव्या दिवसापर्यंत मी त्या मुलाला महागडं औषध देत होतो आणि बुरशी आपली मजेत वाढत होती.

औषध आणि बाप

वडिलांना बोलावलं. ते दोन दिवसांआड बागेत जाऊन येत, कारण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली: संसर्ग आहे, एका बुरशीमुळे झालाय, ही बुरशी वेगळी आहे.

"भुरीसारखी का डावणीसारखी?" द्राक्षावरच्या दोन रोगांची नावं घेत त्यांनी विचारलं.

मी थांबलो. बुरशी म्हणजे काय हे या माणसाला समजावण्याची गरजच नव्हती. पावसाळी हवेत डावणी रातोरात बाग कशी खाते, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. औषधाचं नाव सांगितलं तर म्हणाले, "व्होरिकोनॅझोल. हेक्झाकोनॅझोलच्या घरातलं दिसतंय." बरोबर होतं. भुरीवर मारतात ते हेक्झाकोनॅझोल आणि हे, दोन्ही ट्रायझोल या एकाच गटातली. पुढचा प्रश्न त्याहून नेमका: "एकच औषध सारखं मारलं की भुरी ऐकत नाही. ही ऐकेल का?" ऐकेल अशी आशा आहे, म्हणालो. संवेदनशीलतेची तपासणी पाठवलीय, पण वाट बघत बसणार नाही.

त्याच रात्री औषध सुरू केलं. लहान मुलांचं यकृत व्होरिकोनॅझोल मोठ्यांपेक्षा झपाट्याने संपवतं, म्हणून किलोमागे मात्रा मोठ्यांपेक्षा जास्त लागते: पहिल्या दिवशी किलोमागे ९ मिलिग्रॅम बारा तासांच्या अंतराने दोनदा, मग ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. अडतिसाव्या दिवशी न्यूरोसर्जननी मोठ्या गळवातला पू सुईने ओढून काढला. त्यातही तेच लिंबू. लहान दोन गळवं औषधावर सोडली. हे औषध मेंदूत बऱ्यापैकी पोचतं, हा त्यातला दिलासा.

बेचाळिसाव्या दिवशी पुढच्या डोसच्या आधी रक्त घेऊन औषधाची पातळी मोजायला मुंबईला पाठवलं. हवी १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. आली ०.३. रिफाम्पिसिन बंद होऊन नऊ दिवस झाले होते आणि तरी ते आतून हौद गळतच ठेवत होतं. वडिलांना हेही पटकन समजलं: "एक्स्पोर्टच्या मालात उरलेल्या फवारणीचा रेसिड्यू तपासतात तसंच ना? फक्त आमचा जास्त निघाला की माल परत येतो, तुमचा कमी निघाला की पंचाईत." पाच वर्षं विद्यार्थ्यांना औषधाची पातळी शिकवतोय, इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

मात्रा वाढवली. ते आठ दिवस वाईट गेले. ताप रोज १०२, डावी मूठ नीट वळेना, आणि मी रोज सकाळी केसपेपरवर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत लिहीत होतो. पन्नासाव्या दिवशी पातळी २.१. ताप एक दिवस आधीच उतरला होता. त्या सकाळी मुलाने आईला सांगितलं की भिंतीवरच्या ट्यूबमधून फटाके उडतायत. आईला वाटलं मेंदूवर परिणाम झाला. तसं नव्हतं. व्होरिकोनॅझोल पोटात गेल्यावर थोडा वेळ उजेड आणि रंग विचित्र दिसतात, हा त्याचा नेहमीचा उपद्रव. मला तर ते ऐकून बरंच वाटलं, औषध पोचल्याची पावती म्हणून.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मुलगा घरी गेला, तोंडाने घ्यायच्या औषधावर.

पुढचे महिने, आणि काही हिशेब

औषध एकूण दहा महिने चाललं. दर महिन्याला यकृताच्या तपासण्या, पातळी, तीन महिन्यांनी एमआरआय. एप्रिलच्या भेटीत आजी खुशीत होत्या: "बघा, गाल कसे लाल झालेत पोराचे." गाल लाल होते ते तब्येतीने नव्हे, उन्हाने. या औषधावर कातडी उन्हाला हळवी होते, ओठ फुटतात, आणि वर्षानुवर्षं चाललं तर कातडीच्या कर्करोगाचीही भीती असते. टोपी, पूर्ण बाह्या, दुपारी घराबाहेर नाही. आजींचा चेहरा पडला, त्याला इलाज नव्हता.

मागे वळून पाहताना वाटतं, टीबीची शंका घेणं गैर नव्हतं, पण ब्रॉन्कोस्कोपीच्या आधी रिफाम्पिसिन सुरू करणं गैर होतं. बुडून वाचलेल्या मुलाला दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि गोल गाठी असतील, तर आधी नमुना काढायचा, मग औषध. घाण पाण्यातून येणारे आणखीही आहेत. एरोमोनास नावाचा जिवाणू आहे, आणि मेलिऑइडोसिस हा मातीपाण्यातल्या जिवाणूचा रोग तर हुबेहूब टीबीचं सोंग घेतो. टीबीच्या औषधांनी यातलं काहीच बरं होत नाही.

शब्दांचाही एक मुद्दा आहे. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत ठरलं की 'जवळजवळ बुडाला' अशी वेगळी वर्गवारी करायची नाही. बुडणं ही एक प्रक्रिया, आणि तिचे शेवट तीन: मृत्यू, आजारपण किंवा सुटका. तेव्हा वाचलं होतं तेव्हा हा मला नुसता शब्दांचा कीस वाटला होता. या मुलाच्या बाबतीत ती प्रक्रिया नवव्या दिवशी संपली असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो, आणि ती चालूच होती.

आता आमच्या विभागात बुडालेल्या मुलाच्या केसपेपरवर एक जादा रकाना शाईने आखतो: पाणी कुठलं. विहीर, शेततळं, नदी, नाला, गटार, खड्डा. उत्तर ज्याने मुलाला बाहेर काढलं त्याच्याकडून घ्यायचं, अँब्युलन्सवाल्याकडून नाही. पाणी घाण असेल तर घरच्यांना कार्डावर मराठीत लिहून देतो: पुढच्या तीन महिन्यांत ताप, खोकला, डोकेदुखी, झटका यातलं काहीही झालं तर हे कार्ड घेऊन या. रकाना आखून झाल्यावर एकदाच त्यात 'नाला' लिहिलं गेलंय. ती मुलगी ठणठणीत आहे.

मुलगा आता दुसरीत आहे. डावा हात किंचित सावकाश चालतो, क्रिकेटमध्ये झेल सुटतो, एवढंच. शेवटच्या भेटीत वडिलांना विचारलं, "भाऊ, खड्डा बुजवला का?"

"बुजवून कसं चालेल साहेब, बागेला शेणखत कुठून आणू?" त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मोडलेल्या बागेचे जुने लोखंडी अँगल खड्ड्याभोवती चारी बाजूंनी रोवलेले, त्यांवर द्राक्षाच्या मांडवाची तार पाच पदरी ओढलेली, आणि एका बाजूला फाटक. फाटकाला कुलूप होतं.